गोंधळ, बाऊ की कांगावा? कुठे काय वापरायचं

उगाच कुणी आरडाओरडा सुरू केला की आपण सरसकट 'गोंधळ' म्हणून मोकळे होतो, पण मराठीत प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे आणि तो नेमका बसला ना की वाक्य एकदम जिवंत होतं. नुसता आवाज असेल तर गलका किंवा कल्ला. घाई असेल तर धांदल, ती 'उडते'. छोटी गोष्ट मोठी केली तर बाऊ, 'साध्या सर्दीचा एवढा बाऊ कशाला करतोस?' बोभाटा मात्र गोष्ट चारचौघांत पसरली तरच.

कांगावा सगळ्यात जपून वापरा. त्यात खोटेपणा असतो, म्हणजे स्वतःच धक्का द्यायचा आणि वर 'मला मारलं' म्हणून बोंब ठोकायची, तो कांगावा, त्यामुळे ज्याला खरंच लागलंय त्याच्या रडण्याला हा शब्द लावू नका प्लीज, फार अन्याय होतो. रागाने पाय आपटणं म्हणजे थयथयाट, आकांडतांडव त्याच्याही वरचं. राड्यात मारामारी आलीच, ऑफिसच्या मेलमध्ये टाळा. आणि काहीच नीट कळेनासं झालं की मग खुशाल लिहा, 'तारखांचा गोंधळ झाला'.