पायलट ते अंतराळवीर: आधीपासून काय काय तयार ठेवायचं

शुभांशू शुक्ला स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासून अकरावी-बारावीची पोरं एकच विचारतात, ॲस्ट्रोनॉटचा फॉर्म कुठे भरायचा? तर गगनयानसाठी, म्हणजे इस्रोच्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या मोहिमेसाठी, असा फॉर्म निघालाच नव्हता. त्यासाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला हे चौघंही हवाई दलातले टेस्ट पायलट, म्हणजे विमानं उडवून तपासणारे पायलट, आणि निवड दलातल्या दलात झाली. म्हणून आपली यादी रॉकेटपासून नाही तर अकरावीच्या ॲडमिशनपासून सुरू होते.

पहिलं म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स सोडायचं नाही, एनडीएतून (बारावीनंतरच्या लष्करी अकादमीतून) हवाई दलात जायचं तर बारावीला हे तिन्ही लागतातच. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे चान्स मोजकेच असतात, त्यामुळे जन्मतारखेवरून कुठल्या कुठल्या परीक्षेला बसता येईल ते आजच कागदावर काढून ठेवा. लेखी 900 मार्कांची, त्यात मॅथ्स 300, आणि एसएसबी, म्हणजे त्यानंतरची मुलाखत आणि चाचण्या, परत 900 ची. मुलींनीही हे सगळं स्वतःसाठीच वाचा, खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली बॅच मे 2025 मध्ये पास आउट झालीये. एनडीए हुकली तर ग्रॅज्युएशननंतर सीडीएस आणि एएफकॅट या प्रवेशपरीक्षा आहेतच, तिथे रस्ता बंद होत नाही.

डोळे आत्ताच तपासून घ्या, प्लीज. एसएसबी निघाल्यावर मेडिकलला कळतं की लांबचा नंबर आहे किंवा रंग नीट ओळखता येत नाहीत, आणि मग पोरगं आणि आईबाप सगळेच कोसळतात, ते बघवत नाही. उंची तर मोजतातच पण पायांची आणि मांडीची लांबीही मोजतात, कारण इजेक्ट होताना, म्हणजे संकटात विमानातून सीटसकट बाहेर पडताना, सीट झटक्यात वर जाते आणि गुडघे कॉकपिटच्या कडेला आपटता कामा नयेत. दातांकडेही दुर्लक्ष नको, फिलिंगखाली हवा अडकलेली असेल तर उंचीवर दाब कमी झाला की असह्य ठणका लागतो.

मग सीपीएसएस, म्हणजे पायलट होण्याची कॉम्प्युटरवरची चाचणी, आणि ही आयुष्यात एकदाच देता येते! डायल वाचून विमान कुठल्या स्थितीत आहे ते सांगायचं, हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतायत का ते बघतात. क्लास लावून फार फरक पडेल असं मला वाटत नाही, पण आदल्या रात्री झोप पूर्ण हवी आणि आधी जे समजावून सांगतात तो शब्दन् शब्द ऐका, तिथे अर्धवट ऐकून नुकसान होतं.

एनडीएनंतर हैदराबादजवळ दुंडीगलची अकादमी, तिथे पिलाटस या ट्रेनिंगच्या विमानावर पहिलं फ्लाइंग, फायटर मिळालं तर पुढे बिदरला हॉक हे ट्रेनिंगचं जेट, आणि मग स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी. इथून पुढची सात-आठ वर्षं अंतराळाचा विचार बाजूला ठेवून फक्त उत्तम उडायचं. शरीराला जी-फोर्सची, म्हणजे वेगात वळताना अंगावर येणाऱ्या भाराची, सवय इथेच लागते, वळण घेताना रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार येतो, तेव्हा मांड्या आणि पोट आवळून तीन-तीन सेकंदांनी छोटा श्वास घ्यायचा असतो, त्यामुळे पळण्याबरोबर पायांचा व्यायाम रोजचा हवा.

आता या यादीतली सगळ्यात मोठी पायरी, टेस्ट पायलटचा कोर्स. बंगळुरूला हवाई दलाचं टेस्ट पायलट स्कूल आहे, जवळपास वर्षभराचा कोर्स, निवड कडक. तिथे नुसतं चांगलं उडून भागत नाही, मांडीला बांधलेल्या पॅडवर टेस्ट कार्ड असतं, एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने आकडे टिपायचे, आणि उतरल्यावर विमान नेमकं काय करत होतं ते इंजिनिअरला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. ‘जरा हलल्यासारखं वाटलं’ इथे चालत नाही, किती वेगाला, किती उंचीवर, कुठल्या बाजूला ते सांगा. नवीन यानात बसणाऱ्या माणसाकडून हेच हवं असतं, नासाने 1959 मध्ये निवडलेले पहिले सातही लष्करी टेस्ट पायलटच होते. म्हणून वहीची सवय आत्ताच लावा, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जे दिसलं तेच लिहा, शेजाऱ्याचं रीडिंग उतरवू नका.

अंतराळवीर निवडताना बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये कसून तपासण्या. गगनयानच्या चौघांनी 2020-21 मध्ये रशियाच्या गागारिन सेंटरला, म्हणजे तिथल्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात, ट्रेनिंग केलं, त्यात बर्फात आणि पाण्यात तग धरणंही आलं, वर रशियन शिकावी लागली. थोडक्यात तिशी ओलांडल्यावर परत विद्यार्थी व्हायची तयारी हवी.

आणि वेळेचा हिशोब घरी मांडून ठेवा. शुक्ला 2006 ला कमिशन झाले, म्हणजे हवाई दलात अधिकारी झाले, आणि 25 जून 2025 ला उडाले, 19 वर्षं झाली. 1984 मध्ये राकेश शर्मांबरोबर रवीश मल्होत्रांनी तितकंच ट्रेनिंग केलं होतं पण ते बॅकअप, म्हणजे ऐनवेळी लागले तर राखीव, होते, यावेळी शुक्लांचे बॅकअप नायर होते, सगळं शिकून लाँचच्या दिवशी जमिनीवर राहिले. असंही होऊ शकतं हे आईबाबांना एनडीएचा फॉर्म भरतानाच सांगा.