शिबिराची परवानगी कुठे अडते? मेडिकलच्या मुलांनो, या चुका टाळा

दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाचजण अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, केबिनबाहेर दीड तास ताटकळलो होतो. हातात चार ओळींचा अर्ज: ‘गावात आरोग्य तपासणी शिबिर घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ सरांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "तिथं एखादी आजी चक्कर येऊन पडली, तर बघणार कोण?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. अर्ज परत. पुढे स्टुडंट्स कौन्सिलमध्ये आल्यावर ज्युनियर्सचे अर्ज वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांचं घोडं याच प्रश्नाशी पेंड खातं.

पहिली चूक म्हणजे थेट डीनकडे धाव. सरकारी कॉलेजात अर्ज ‘मार्फत’ जातो. गावातलं शिबिर असेल तर पीएसएमचे (सामाजिक आरोग्याचा विभाग) विभागप्रमुख, एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम असेल तर प्रोग्राम ऑफिसर, आणि मग अधिष्ठाता. मधली सही नसलेला कागद वरून खालीच येतो, त्यात आठवडा जातो. अर्जाची एक प्रत आवक शाखेत शिक्का मारून पोच म्हणून स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर सरांनी टाकलेला अंगठा ही परवानगी नव्हे.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘आम्ही डॉक्टर’ या थाटात होते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याची वैद्यक परिषदेत नोंदणी झालेली नसते. देखरेखीखाली बीपी, वजन, उंची घ्या, माहिती भरा, पण गोळ्या लिहून देणं तुमचं काम नाही. म्हणून अर्जात सोबत येणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांचं नाव, हुद्दा आणि त्यांची संमतीची सही हवी. ‘सिनियर डॉक्टर उपस्थित राहतील’ या वाक्याला कार्यालयात काडीची किंमत नाही. रुग्ण पुढे कुठे पाठवणार, हेही लिहा. त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटा. आणि हो, सरपंचांना तारीख विचारा. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात कोण थांबणार?

कुठल्या तपासण्या करणार, तेही मोघम ठेवू नका. ‘मोफत सोनोग्राफी’ असं पोस्टरवर छापून मग परवानगी मागायला आलेले लोक मी पाहिले आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनवर कडक बंधनं आहेत. ते गाडीत घालून कुठेही नेता येत नाही. साखर तपासायची असेल तर वापरलेल्या सुया कुठे जाणार, ते लिहा. 2016चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबा सोबत न्यायचा आणि भरलेला डबा रुग्णालयात परत आणायचा.

रक्तदान शिबिर तुलनेने सोपं. परवानाधारक रक्तपेढीचं पत्र अर्जाला जोडा, पुढची वैद्यकीय जबाबदारी त्यांची. फक्त परीक्षेच्या तोंडावर तारीख धरू नका. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचं आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर लागतं. दोन महिन्यांपूर्वीच होस्टेलमध्ये शिबिर झालं असेल, तर खुर्च्या रिकाम्या राहतील.

शिबिरातल्या आकड्यांवर पेपर लिहायचा विचार असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्या. ‘आधी डेटा घेऊ, मग बघू’ म्हणणाऱ्यांची मेहनत फाइलमध्येच राहते.

गॅदरिंगवाल्यांसाठीही एक गोष्ट. आपलं कॉलेज रुग्णालयाला लागून असतं आणि 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. डीजेची ॲडव्हान्स देऊन मोकळे होऊ नका. सभागृह बंदिस्त आहे का, वॉर्ड किती जवळ आहे, हे आधी बघा.

हजेरीचं गणितही मांडून ठेवा. लेक्चरला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागतात. ‘आम्ही समाजसेवेला गेलो होतो’ हे नंतर सांगून कुणी हजेरी देत नाही. जाणाऱ्यांची रोल नंबरसह यादी अर्जालाच जोडा आणि त्या दिवशी ज्या विभागात पोस्टिंग आहे, तिथे प्रत द्या. मुक्काम असेल तर वॉर्डनची सही आणि पालकांचं संमतीपत्रही लागेल.

एवढं करूनही अर्ज अडकला, तर चिडून पुन्हा डीनकडे जाऊ नका. आवक क्रमांक घेऊन विद्यार्थी शाखेतल्या लिपिकांकडे जा आणि ‘झालं का?’ऐवजी ‘त्रुटी काय आहे?’ असं विचारा. बहुतेक वेळा एखादी सही किंवा जोडपत्र राहिलेलं असतं. कार्यक्रम निदान तीन आठवडे पुढे असेल, तर ते भरून काढायला वेळ मिळतो.

आमचा दुसरा अर्ज दीड पानांचा होता. चक्कर आलेल्या आजीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं: मेडिसिनच्या लेक्चररांचं नाव, आरोग्य केंद्राचं अंतर, गाडीची सोय. सरांनी सही केली आणि समासात लाल पेनाने लिहिलं, ‘ॲम्ब्युलन्स सोबत द्यावी.’