एफ.वाय. बी.एस्सी.ची केमिस्ट्री: क्रेडिट, जर्नल, इंटर्नल आणि केटी

केमिस्ट्रीत केटी लागली (म्हणजे विषय राहिला) की मुलं थर्मोडायनॅमिक्सला नावं ठेवतात. मार्कशीटमधले हेड वेगवेगळे वाचले तर बऱ्याचदा दुसरंच दिसतं: थिअरीत काठावर पास, इंटर्नलला दोन मार्क कमी, नाहीतर जर्नल सर्टिफाय न झाल्यामुळे प्रॅक्टिकलला गैरहजर. हा कोर्स सेमिस्टरभर थोडाथोडा तपासला जातो. शेवटच्या परीक्षेआधी पंधरा दिवस बसून तो निघेल, हा बारावीचा हिशेब इथे चालत नाही. म्हणून कुठल्या गोष्टीला किती मार्क आहेत आणि ते कधी मिळतात, हे जूनमध्येच समजून घेतलेलं बरं.

बावीस क्रेडिटांत केमिस्ट्री किती?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा साचा आहे. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. पहिल्या सेमिस्टरची वाटणी साधारण अशी असते: मेजर म्हणजे मुख्य विषय, इथे केमिस्ट्री, ६ (थिअरी ४, प्रॅक्टिकल २), ओपन इलेक्टिव्ह ४, मेजरला जोडलेला व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य) २, आणि एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहशालेय उपक्रम) प्रत्येकी २. मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या सेमिस्टरला येतो आणि आयकेएसची जागा घेतो. कॉलेजागणिक यात थोडा फरक पडतो. झेवियर्स, रुईया यांच्यासारख्या स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि परीक्षेचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राच्या नोट्स आणि मार्कांची विभागणी डोळे मिटून उचलू नका. आपल्या विभागाच्या नोटीस बोर्डावरचा कागद खरा.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. म्हणजे ४ क्रेडिट थिअरीला ६० लेक्चर-तास आणि २ क्रेडिट प्रॅक्टिकललाही ६० तास. लॅबमधला आणि वर्गातला वेळ सारखा, पण क्रेडिट निम्मे. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं आणि त्यातूनच प्रॅक्टिकल हलक्यात घेण्याची सवय लागते. पण सगळ्यात भरवशाचे मार्क तिथेच आहेत.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. केमिस्ट्री व्हीएससी धरूनही ८ क्रेडिटच होते. उरलेली १४ क्रेडिट ज्यांना मुलं ‘फालतू पेपर’ म्हणतात त्यांची आहेत, आणि एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड-सरासरी) काढताना त्या पेपरांचं एक क्रेडिट केमिस्ट्रीच्या एका क्रेडिटाइतकंच मोजलं जातं.

पास होणं दोनदा

चाळीस टक्के अंतर्गत, साठ टक्के सेमिस्टर-एंड. २ क्रेडिटचा पेपर ५० मार्कांचा असतो: २० इंटर्नल, ३० लेखी. ४ क्रेडिटचा १०० चा: ४० आणि ६०. पासिंग ४० टक्के आहे, पण दोन्हीकडे वेगवेगळं. २० पैकी ८ आणि ३० पैकी १२, किंवा ४० पैकी १६ आणि ६० पैकी २४.

समजा इंटर्नलला २० पैकी १८ आहेत आणि लेखीत ३० पैकी ११. बेरीज २९, म्हणजे ५८ टक्के, तरीही नापास. उलट बाजूनेही तसंच: लेखीत २५ मिळाले पण प्रोजेक्ट दिलाच नाही म्हणून इंटर्नल ७, तरी केटी. इंटर्नलमध्ये वर्गचाचणी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, कधी क्विझ असते. चाचणी चुकली तर पुन्हा घेतली जाते, पण त्यासाठी त्याच आठवड्यात अर्ज आणि कारणाचा कागद द्यावा लागतो. ट्रेन बंद होती हे तोंडी सांगून चालत नाही. लेखीच नापास झालात तर इंटर्नलचे मार्क सहसा शिल्लक राहतात आणि फक्त लेखी पुन्हा द्यावी लागते.

लेखी पेपरात ज्यांची दोन वर्षं सीईटी-नीटच्या चार पर्यायांत गेली त्यांचे हात अडकतात. उत्तर माहीत असतं, पण पाच मार्कांचं लिहिता येत नाही. पाच मार्कांत व्याख्या, समीकरण, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ आणि जिथे शक्य तिथे आकृती किंवा आलेख लागतो. गणितात एकक लिहिलं नाही तर मार्क कापतात, आणि एकक चुकवलं तर उत्तरच जातं. नेहमीचं उदाहरण म्हणजे नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनिया. एन्थाल्पीतला बदल उणे ९२.२ किलोज्यूल, एन्ट्रॉपीतला बदल उणे १९८.७ ज्यूल प्रति केल्विन, तापमान २९८ केल्विन. तापमान गुणिले एन्ट्रॉपी उणे ५९,२१३ ज्यूल येतं. ते आधी उणे ५९.२ किलोज्यूल करायचं, मग एन्थाल्पीतून वजा करायचं: गिब्ज ऊर्जेतला बदल उणे ३३.० किलोज्यूल, म्हणजे अभिक्रिया आपोआप होऊ शकते. जो ज्यूलचे किलोज्यूल करत नाही त्याचं उत्तर अधिक ५९,१२० येतं, आणि शेवटी तो ‘अभिक्रिया आपोआप होत नाही’ असं लिहून मोकळा होतो. आकडाही गेला, निष्कर्षही गेला.

लॅब

पहिल्या लॅबआधी सुती एप्रन, गॉगल, कॅल्क्युलेटर, जर्नल, रफ बुक, पेन्सिल, काडेपेटी आणि जुन्या सुती कापडाचा फडका एवढं घ्या. पायात बंद बूट. पावसाळ्यात फ्लोटर घालून आलेल्यांना दारातून परत पाठवतात आणि त्या दिवसाची हजेरी जाते.

लॅबच्या सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत सर किंवा मॅडम बाटल्यांची नावं, कुठलं द्रावण कुठे ठेवलंय आणि आज छापील पद्धतीत काय बदल आहे ते सांगतात. सकाळच्या बॅचला विरार किंवा कल्याणहून येणारे नेमके तेवढे चुकवतात आणि मग शेजारच्याचं बघून करतात. शेजाऱ्याने ब्युरेटमध्ये भलतंच भरलं असेल तर तुमचंही तेच. ट्रेन चुकतच असेल तर पहिल्याच आठवड्यात दुपारची बॅच मागा. इंजिनीअरिंग-मेडिकलच्या फेऱ्या संपल्या की मुलं सोडून जातात, बॅचेस पुन्हा बनतात. तेव्हाही बदल करून मिळतो.

पहिल्या वर्षाच्या लॅबचा कणा टायट्रेशन आहे, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढणं. त्यातला सर्वांत साधा प्रयोग इथे सविस्तर घेऊ, कारण परीक्षेत मार्क याच पायऱ्यांवर जातात.

ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल, २५० मिली द्रावण करायचं आहे. पाण्याच्या दोन रेणूंसह त्याचा रेणुभार १२६.०७, तुल्यभार ६३.०३. म्हणून वजन ६३.०३ × ०.१ × ०.२५ = १.५७६ ग्रॅम. तराजूवर नेमकं १.५७६ आणण्यासाठी चिमूटचिमूट टाकत-काढत बसू नका. त्यात अर्धा तास जातो आणि पदार्थ सांडतो. १.५९२ भरलं तर तेच लिहा आणि नॉर्मॅलिटी काढा: १.५९२ भागिले १५.७६ (६३.०३ × ०.२५) म्हणजे ०.१०१०. वजन अचूक ‘माहीत’ असणं महत्त्वाचं, गोल असणं नाही. पदार्थ फनेलमधून फ्लास्कमध्ये घ्या, वॉच ग्लास आणि फनेल वॉश बॉटलने दोन-तीनदा धुऊन ते पाणीही आत घ्या. निम्मं पाणी घालून पूर्ण विरघळवा. मग खुणेपर्यंत भरा, शेवटचे थेंब ड्रॉपरने. बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. हे हलवणं राहिलं तर तळाला दाट आणि वर पातळ द्रावण राहतं आणि तीन पिपेटला तीन रीडिंग येतात.

सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये. त्याचं द्रावण वजन करून अचूक करता येत नाही, कारण त्याचे दाणे हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. मुंबईच्या जुलैत तर वॉच ग्लासवरच ते ओले होऊन चिकटतात. व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘हे प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे वजन करून थेट अचूक द्रावण देणारा पदार्थ, का नाही’ हा प्रश्न ठरलेलाच. ब्युरेट त्याच द्रावणाने खळबळून घ्या, पिपेट ॲसिडच्या द्रावणाने, आणि कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. कोनिकल चुकून ॲसिडने धुतला तर मोजलेल्या १० मिलीपेक्षा जास्त ॲसिड आत राहतं आणि रीडिंग वाढतं. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा असेल तर कॉक पूर्ण उघडून तो काढा. वरचं फनेल काढून ठेवा, नाहीतर मध्येच त्यातून थेंब पडतो. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून पाडू नका. टोक फ्लास्कच्या काचेला टेकवलं की पुरे.

इंडिकेटर म्हणून फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब पुरतात. खाली पांढरी टाइल ठेवा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की एंड पॉइंट. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जातो, म्हणून रंग गेला तर पुन्हा थेंब टाकत बसायचं नाही. गडद गुलाबी झालं तर पुढे गेलात. पहिलं पायलट रीडिंग भरभर घ्या, मग शेवटचा एक मिली थेंबाथेंबाने. ०.१ मिलीच्या आत जुळणारी रीडिंग मिळाली की सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) लिहा. ॲसिड नेमकं ०.१ नॉर्मल धरलं आणि ९.८ मिली आलं तर ०.१ × १० ÷ ९.८ = ०.१०२० नॉर्मल. हेच १०.० घेतलं असतं तर ०.१०००. दोन दशांश मिली पुढे गेलं की जवळपास दोन टक्के चूक होते. सरांच्या उत्तरापासून तुमचं उत्तर किती लांब आहे त्यावर रिझल्टचे मार्क असतात, तेव्हा ते कुठे जातात हे लक्षात येईल.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला वेगळी पथ्यं आहेत. सल्फ्युरिक ॲसिडच वापरायचं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. पहिले थेंब लगेच विरत नाहीत आणि मुलं घाबरून आणखी टाकतात. थांबा: थोडे मँगनीज आयन तयार झाले की तेच अभिक्रिया वेगात नेतात. द्रावण तपकिरी गढूळ झालं तर ॲसिड कमी पडलंय किंवा घाई झालीय. ते ओतून पुन्हा करा. गडद द्रावण असल्यामुळे इथे मेनिस्कसची (द्रवाच्या वक्र पातळीची) वरची कड वाचतात, नेहमीची खालची नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला इनऑरगॅनिक क्वालिटेटिव्ह (क्षारातले आयन गटागटाने ओळखणं) आलं तर तिथे एकच क्रम डोक्यात पक्का हवा: तिसऱ्या गटात आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. क्लोराइड विसरलात तर हायड्रॉक्साइड आयन जास्त होतात, मॅग्नेशियमसारखे पुढच्या गटांतले आयनही इथेच साक्यात येतात आणि पुढची सगळी टेस्ट भलतीकडे जाते.

जर्नल आणि हजेरी

आकडे आधी रफ बुकात, पेनाने, आणि त्याच दिवशी सही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, व्हाइटनर नको. जर्नलमध्ये उजवीकडे उद्देश आणि कृती, डावीकडे पेन्सिलने आकृती, तक्ता, गणित. पुढच्या प्रॅक्टिकलला मागचं जर्नल तपासून घेतलं की संपलं. ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत बारा प्रयोग उतरवणाऱ्याला सही मिळते, पण जर्नलचे मार्क कापलेले असतात. परीक्षेआधी जर्नल सर्टिफाइड हवं: अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगापुढे तारीख आणि सही, पहिल्या पानावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का. त्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत.

हजेरी ७५ टक्के. डिफॉल्टर लिस्ट मध्यावर लागते. त्यात नाव असेल तर लगेच मेडिकल सर्टिफिकेट द्या आणि चुकलेले प्रयोग रिपीट बॅचला करून घ्या. उशिरा प्रवेश घेतलेल्यांनी प्रवेशाची पावती विभागात दाखवून हजेरी त्या तारखेपासून धरायला सांगावी. ती आपोआप धरली जात नाही.

ग्रेड आणि एसजीपीए

नव्या तक्त्यात ९० आणि वर ‘ओ’, ८० पासून ‘ए प्लस’, ७० पासून ‘ए’, ६० पासून ‘बी प्लस’, मग ५५ आणि ५० चे टप्पे, ४० ला पास. आधीच्या पद्धतीत ८० लाच ‘ओ’ मिळत असे. टी.वाय. करून गेलेल्या ताईच्या ग्रेडशी आपली ग्रेड लावून बघण्यात अर्थ नाही.

प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले २२. थिअरीला ८ पॉइंट (४ × ८ = ३२), प्रॅक्टिकलला ९ (१८), दोन ओपन इलेक्टिव्हला ७-७ (२८), व्हीएससी ८ (१६), एसईसी ८ (१६), एईसी ६ (१२), व्हीईसी ९ (१८), आयकेएस ८ (१६), सीसी १० (२०). बेरीज १७६, एसजीपीए ८.००. यात प्रॅक्टिकल ९ वरून ६ ला आणलं तर १७० भागिले २२, म्हणजे ७.७३. इलेक्टिव्ह ७ वरून ९ ला नेले तर १८४ भागिले २२, म्हणजे ८.३६. इलेक्टिव्हला दिलेली एक संध्याकाळ कुठे कामी येते ते या दोन ओळींतून दिसतं.

एफ.वाय.ची परीक्षा आणि तपासणी कॉलेजच करतं, त्यामुळे निकालाची तक्रारही आधी कॉलेजच्या परीक्षा विभागातच करायची. पहिल्या सेमिस्टरच्या केटीसह दुसऱ्यात जाता येतं. एस.वाय.ला जाताना मात्र किती केटी चालतात त्याला मर्यादा असते, आणि ती त्या वर्षीच्या परिपत्रकात बघावी. केटीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची फी आणि तारीख नियमित परीक्षेच्या फॉर्मपेक्षा वेगळी असते. प्रॅक्टिकलची केटी असेल तर जुनं सर्टिफाइड जर्नल पुन्हा दाखवावं लागतं, तेव्हा सेमिस्टर संपलं म्हणून ते रद्दीत घालू नका. क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा व्हायला एबीसी आयडी लागतो. त्यावरचं नाव आधार आणि बारावीच्या मार्कशीटशी जुळत नसेल तर प्रवेशाच्या वेळीच दुरुस्त करून घ्या. नंतर आधार केंद्र आणि कॉलेज ऑफिस यांच्यामध्ये फेऱ्या घालाव्या लागतात.