गावाकडून जिल्ह्याला जलद एसटी: फेरीची आखणी कशी करायची

नवी फेरी मागायला गेलं की आगारात पहिला प्रश्न येतो, भारमान (म्हणजे पूर्ण वाटेत गाडीची सरासरी किती टक्के आसनं भरलेली असतात ते) किती मिळेल? ‘गाडी भरूनच जाईल’ असं सांगून भागत नाही, आकडे लागतात. म्हणून आधी मोजणी करा. एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा दिवस निवडा. सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 3 ते 7 फाट्यावर बसून दर पंधरा मिनिटांनी किती माणसं कुठं जायला निघाली ते लिहा. काळीपिवळीनं आणि ऑटोनं गेलेलेही धरा, नव्या गाडीचे खरे प्रवासी तेच. कापूस वेचणीचा हंगाम, परीक्षा आणि उन्हाळा यांत आकडे फार बदलतात. आपल्या विदर्भातल्या शाळा तर उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे मे महिन्यातली मोजणी निरुपयोगी.

इथं एक चूक हमखास होते. नुसती डोकी मोजतात, किलोमीटर मोजत नाहीत. समजा मार्ग 54 किलोमीटरचा आणि गाडी 44 आसनांची. गावातून 40 जण बसले, पण 25 जण अर्ध्या वाटेत तालुक्याला उतरले आणि तिथून कुणी चढलं नाही, तर भारमान 62 टक्क्यांच्या आसपासच येतं. म्हणजे तालुक्याहून पुढं जाणारे प्रवासी शोधायला हवेत.

आता वेळ. जलद गाडी म्हणजे जोरात हाकलेली गाडी नव्हे, कमी थांबणारी गाडी. प्रत्येक थांब्याला वेग कमी करणं, चढउतार आणि पुन्हा वेग घेणं मिळून मिनिट-दीड मिनिट जातं. गावात वळून परत फाट्यावर यायला पाचेक मिनिटं सहज लागतात. ही पाच मिनिटं किती महाग पडतात ते पाहा. एका बाजूला 95 मिनिटं (टोकावरच्या विसाव्यासकट) लागली तर पूर्ण चक्कर 190 मिनिटांची, आणि तासाला एक फेरी ठेवायची तर चार गाड्या लागतात. तेच 90 मिनिटांत बसवलं तर 180 मिनिटांत तीन गाड्यांवर काम होतं. अख्खी एक गाडी वाचते, शिवाय दोन चकरा एका चालकाच्या आठ तासांत नीट बसतात. म्हणून मधल्या गावांना दिवसा फाट्यावरच थांबा द्यावा. मात्र सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची फेरी गावात जाऊ द्यावी, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला अंधारात दीड किलोमीटर चालायला लावणं बरोबर नाही.

रस्ता पावसाळ्यात पाहा, उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले दिसतात. नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी किती वेळ वाहतं? समोरून गाडी आली तर कडेला उतरावं लागतं का? काळ्या मातीत उतरलेलं चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या चार मीटरपर्यंत छाटून घ्या. शेवटच्या गावात गाडी वळवायला निदान 25 मीटर व्यासाची मुरूम टाकलेली जागा हवी, नाहीतर शाळेच्या पोरांमधून गाडी रिव्हर्स घ्यावी लागते.

पहाटेची फेरी हवी असेल तर रात्री गावातच थांबणारी मुक्कामी गाडीच मागा. आगारातून रिकामी गाडी पाठवायचा डिझेलखर्च वाचतो. त्यासाठी चालक-वाहकाला कुलूप लागणारी खोली, पंखा, पाणी आणि संडास यांची सोय ग्रामपंचायतीनं लेखी कबूल करावी.

ग्रामसभेचा ठराव, मोजणीचे तक्ते, शाळा-कॉलेजच्या वेळा आणि पासधारकांची संख्या असा एकच अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. परतीची वेळ ठळक लिहा. कॉलेज साडेबाराला सुटतं आणि गाडी तीनला, असं झालं की पोरं काळीपिवळीत बसतात, गाडी रिकामी धावते आणि दोन-तीन महिन्यांत बंद होते.

फेरी सुरू झाल्यावर 75 वर्षांवरच्या आजी-आजोबांना शून्य रकमेचं तिकीट आठवणीनं घ्यायला सांगा. ते फाडलं नाही तर त्यांचा प्रवास आगाराच्या हिशेबात दिसतच नाही.