घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर आणि त्याची काडतुसं : या चुका टाळा

मालगुजारी, म्हणजे इंग्रजांच्या काळातली इकडची जमीनदारी, 1951 मध्ये गेली, पण भंडारा-चंद्रपूरकडच्या काही वाड्यांत त्या काळची हत्यारं अजून परवान्यावर आहेत. वऱ्हाडातल्या पाटील-देशमुखांच्या घरीही सापडतात. आजोबांचं रिव्हॉल्व्हर रीतसर नातवाच्या नावावर होतं, सोबत पत्र्याच्या डब्यात मूठभर काडतुसं येतात, आणि खरी गडबड त्या डब्यापासून सुरू होते. नवी काडतुसं महाग, त्यासाठी नागपूरच्या गन हाऊसपर्यंत जावं लागतं. मग कोणीतरी सुचवतं, रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) घरीच भरू.

ही सगळ्यात मोठी चूक. परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 मनाई करतं, आणि हत्यार बाळगायच्या साध्या परवान्यात ती मुभा नसते. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा खेळ हातावर बेततो. कारण समजून घ्या.

ब्रिटिश सैन्याने 1887 साली वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा काडतुसात काळी दारू असायची. बिनधुराची दारू नंतर आली. काळ्या दारूची पुंगळी जवळजवळ भरून जायची. बिनधुराच्या दारूला त्याच पुंगळीचा एखादा कोपरा पुरतो. त्यामुळे चुकून दोनदा माप पडलं तरी ते बाहेर सांडत नाही, वरून दिसत नाही, आणि गोळी बसवल्यावर तर कळायला मार्गच नाही. मग फुटतो तो सिलेंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग. उलट दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. बार फुसका गेला म्हणून माणूस पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते. आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला, झटका कमी लागला, की तिथेच थांबा. सगळी काडतुसं काढा आणि हत्यार गन हाऊसच्या मिस्त्रीकडे न्या. घरी सळई घालून ठोकू नका.

सुतळी बॉम्बची दारू पुंगळीत भरण्याची गोष्ट पारावर फार सहज निघते. काडतुसाची दारू जळत जळत गोळीला पुढे ढकलते, फटाक्याची दारू एका क्षणात फुटते. जुनं लोखंड ते सोसत नाही. अशी गोष्ट काढणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा.

दुसरी चूक विकत घेताना होते. पिस्तुलाचं .32 बोअरचं काडतूस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं .32 वेगळं. पिस्तुलाचं काडतूस काही जुन्या .32 रिव्हॉल्व्हरांत बसतंसुद्धा, म्हणून दुकानदाराने दिलं आणि आपण घेतलं असं होतं. पण त्याचा दाब जास्त असतो. बसतं म्हणजे चालतं असं नाही. नळीवर कोरलेलं नाव वाचा, पुंगळीच्या बुडावरचं नाव वाचा, मगच पैसे द्या.

आता साठवणीकडे येऊ, कारण विदर्भात जास्त नुकसान इथेच होतं. काडतुसांचा डबा वाड्यात बहुतेक माळ्यावर असतो, आणि माळ्याखाली गोठा. गोमूत्रातून निघणारा अमोनिया पितळेचा वैरी आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला हे कोड्यासारखं पडलं होतं: पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणी हात न लावता तडकायच्या. ओल, अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेतला ताण, तिन्ही एकत्र आले की भेग पडते. काडतूस उजेडात धरून हळूहळू फिरवा. पुंगळीच्या तोंडाशी केसासारखी उभी रेघ दिसली तर ते काडतूस बाद. ओलावा धरलेल्या युरियाच्या पोत्यांजवळही डबा नको.

चामड्याचा पट्टा दिसतो रुबाबदार, पण त्यात काडतुसं वर्षानुवर्षं राहिली की पितळेवर हिरवा थर चढतो. रिव्हॉल्व्हरही चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि मृग लागला की गंज सुरू. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे पत्र्याच्या छपराखालची जागाही नको. मधल्या खोलीतलं कुलपाचं कपाट बरं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेबद्दल मनापासून सांगतो, कारण ती आपली रीत आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पूजेआधी हत्यार रिकामं करा आणि सिलेंडरचं एकेक घर बोटाने तपासा. हळद-कुंकू मुठीच्या लाकडावर लावा. सिलेंडरवर पाणी शिंपडलं तर ते घोड्याच्या फटीतून आत उतरतं आणि दिवाळीपर्यंत आतली स्प्रिंग लाल होते. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्या.

तेलही कोणतंही नको. जवसाचं तेल विदर्भात घरोघरी, पण ते सुकून चिकट पापुद्रा धरतं. मुठीच्या लाकडाला उत्तम, यंत्राला वाईट. खोबरेल थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं पातळ तेल परवडतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं, हवेतली ओल ओढतं आणि नळी खातं. ते तेलाने विरघळत नाही, रॉकेलनेही नाही. त्याला कडकडीत गरम पाणी लागतं. आधी ते ओतून नळी धुवायची, लगेच पूर्ण कोरडी करायची, मग तेल.

चाप ओढला आणि बारच झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. टोपी उशिरा पेटू शकते.

बाद काडतुसं विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नको. परवाना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे द्या आणि पावती घ्या. माळा साफ करताना कोणाच्याच परवान्यावर नसलेलं रिव्हॉल्व्हर हाती लागलं, तर ते घरात लपवून ठेवू नका. एखाद्या वकिलाला सोबत घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जमा करा. वारसाने परवाना मागायचा अर्ज त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात करता येतो.