होव्हरक्राफ्टचा मागचा स्कर्ट पाण्यात ओढत होता

घरी बनवलेलं होव्हरक्राफ्ट (खाली कोंडलेल्या हवेवर तरंगणारं वाहन) सिमेंटवर झकास तरंगायचं, पण तलावात उतरवलं की मागून बसायचं, वेग धरायचंच नाही. सगळ्यांचा सल्ला एकच, मोठा पंखा लाव. (पैसे माझे जाणार होते!) त्याआधी दाब मोजला. गवंड्याच्या लेव्हल नळीचं एक टोक स्कर्टखाली, म्हणजे हवा कोंडून धरणाऱ्या कडेच्या कापडी झालरीखाली, सरकवलं. माणसासकट वजन २४० किलो, क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ६० किलो; तेवढं पेलायला नळीत पाण्याचा फरक ६० मिलिमीटर हवा. सिमेंटवर तेवढाच आला. पंखा निर्दोष.

पाण्यात स्कर्टचे मागचे कप्पे चाचपले तर पाण्याने टम्म भरलेले, प्रत्येक कप्पा बादलीसारखा पाणी ओढत होता. तळाच्या कोपऱ्यात गरम सळईने भोकं पाडली. नायलॉनची कड वितळून बंद होते, उसवत नाही. बॅटरीही वीतभर पुढे घेतली. फार पुढे नको, वेगात नाक पाण्यात खुपसतं.