ऑनलाइन स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेताय? परीक्षेत कोणतं टेबल मिळणार ते आजच विचारा

कॉलेजचा सुरुवातीचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स मी ऑनलाइन घेतला आणि त्यात नापास झाले. असाइनमेंटचे गुण चांगले होते, दर आठवड्याच्या क्विझमध्ये क्वचितच चूक व्हायची, आणि शेवटच्या परीक्षेत पहिल्याच मोठ्या प्रश्नाला अडकले. तोच कोर्स दुसऱ्यांदा घेतला तेव्हा आधी नीट तयारी केली. ती तयारी इथे क्रमाने लिहिते आहे. यातली प्रत्येक गोष्ट सारखी महत्त्वाची नाही. एक गोष्ट मी पहिल्या वेळी केली नव्हती, आणि ती मी इथे पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

चार्जर, हेडफोन, बरं नेट, वही: यावर बोलायला नको.

नाव नोंदवल्याच्या दिवशीच कोर्सचं माहितीपत्रक उघडा आणि त्यात एक गोष्ट शोधा: परीक्षेत हिशोब कशावर करायचा आहे? एक्सेल उघडता येणार का? स्वतःचा कॅल्क्युलेटर चालेल का, आणि कोणता? टेबल, म्हणजे ज्यात बघून संभाव्यता काढतात तो आकड्यांचा तक्ता, छापील मिळणार, पडद्यावर दिसणार, की आपलं आपण ठेवायचं? सापडलं नाही तर शिक्षकांना लिहा. ‘नंतर सांगू’ असं उत्तर आलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहा. भिडस्तपणा इथे उपयोगाचा नाही.

माझं काय झालं ते सांगते. पूर्ण सत्रभर मी सगळी गणितं एक्सेलमध्ये केली. सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) टाकायचे, फंक्शन लिहायचं, संभाव्यता हातात. परीक्षेला बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद. पडद्यावर बेरीज-वजाबाकी-वर्गमूळ एवढंच करणारा कॅल्क्युलेटर आणि शेजारी नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचं, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राखालच्या क्षेत्रफळांचं, एक टेबल. मधल्या ९५ टक्क्यांसाठी (उरलेले दोन्ही टोकांना अडीच-अडीच) मी टेबलाच्या पोटात ०.९७५० शोधत होते. मिळेना. त्या टेबलातला सगळ्यात मोठा आकडाच ०.४९९० होता. मला वाटलं टेबल चुकीचं आहे. टेबल बरोबर होतं, पण ते वेगळ्या प्रकारचं होतं, आणि असे प्रकार असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. वीस मिनिटं त्यात गेली आणि मग हात इतके थरथरायला लागले की येत असलेलंही चुकलं.

म्हणून हे पाठ करा. टेबल हातात आलं की १.९६ शोधा. समोर ०.९७५० असेल तर ते टेबल डावीकडचं सगळं क्षेत्रफळ देतं. ०.४७५० असेल तर मध्यापासून झेडपर्यंतचं (झेड म्हणजे सरासरीपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर, इथे १.९६). ०.०२५० असेल तर उजवीकडची शेपटी. तिन्ही टेबलं बरोबर आहेत, तिन्ही पुस्तकांत छापलेली असतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या पद्धतीने वापरला की उत्तर पूर्ण चुकतं. तुमच्या परीक्षेत मिळणारं टेबल पहिल्या आठवड्यात मिळवा, छापून घ्या, आणि सत्रभर तेच वापरा. यूट्यूबवरच्या शिक्षकांचं टेबल वेगळं असेल तर गणित त्यांचं बघा, आकडा आपल्या टेबलातून काढा. एक्सेल वापरा, जरूर वापरा, पण ताळा बघायला.

कॅल्क्युलेटरचंही तेच. स्वतःचा चालणार असेल तर स्टॅटिस्टिक्स मोड असलेला घ्या आणि नवा असेल तर परीक्षेच्या बरंच आधी. हे पाच आकडे घालून बघा: ४, ७, ७, १०, १२. सरासरी ८ येईल. स्टँडर्ड डेव्हिएशन मात्र दोन दिसतील. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३८. ३.०८ हे नमुन्याचं, कारण ३८ ला ४ ने भागून वर्गमूळ काढलंय. २.७६ हे पूर्ण समष्टीचं (ज्यातून नमुना घेतात त्या सगळ्या गटाचं), कारण तिथे ५ ने भागलंय. आपल्या यंत्रावर कुठल्या खुणेला कोणतं येतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक्सेलमध्येही दोन वेगळी फंक्शन आहेत, एकाच्या शेवटी एस, दुसऱ्याच्या शेवटी पी. सुरुवातीच्या कोर्समध्ये बहुतेक वेळा हातात नमुनाच असतो, तेव्हा एन (आकड्यांची संख्या) वजा एकवालं. नवीन गणित सुरू करताना आधीचे आकडे पुसायला विसरू नका. जुन्या पाच आकड्यांत नवे आठ मिसळले तरी यंत्र तक्रार करत नाही.

गणिताची जुनी ओळख थोडी ताजी करावी लागते. कॅल्क्युलस बहुतेक सुरुवातीच्या कोर्सना लागत नाही, त्याला घाबरू नका. लागतं ते साधं बीजगणित, असमानतेची चिन्हं आणि बेरजेची ती मोठी ग्रीक खूण, सिग्मा. वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांतला फरक हाताला बसवा. १, २, ३ घ्या: वर्गांची बेरीज १४, बेरजेचा वर्ग ३६. सूत्रात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दमलेला माणूस एकाच्या जागी दुसरं लिहितो. ‘किमान तीन’मध्ये तीन येतो, ‘तीनपेक्षा जास्त’मध्ये येत नाही. हे वाचताना क्षुल्लक वाटतं. संभाव्यतेच्या आठवड्यात याच्यावरच अर्धे गुण जातात.

वेळेचं गणित आधीच करा. १५ आठवड्यांचा कोर्स ८ आठवड्यांत बसवला असेल तर दर आठवड्याचं काम जवळपास दुप्पट होतं, त्या काळात दुसरा जड विषय घेऊ नका. डेडलाइन कोणत्या घड्याळाने आहे ते बघा. कॉलेज दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर रात्री ११:५९ म्हणजे तुमचे ११:५९ असतीलच असं नाही. सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी आपल्या वेळेत बदलून कॅलेंडरमध्ये घाला.

आणखी एक, हे माहितीपत्रकातच असतं पण कुणी वाचत नाही: तुमच्या कोर्सची चिन्हं आणि व्याख्या. नॉर्मल डिस्ट्रिब्युशन कंसात ५० आणि १६ असं लिहिलं तर काही पुस्तकांत १६ हा व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) असतो, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ४. काही पुस्तकांत १६ हेच स्टँडर्ड डेव्हिएशन. क्वार्टाइलचंही (आकडे क्रमाने लावून चार समान भाग पाडणाऱ्या जागांचंही) तसंच. १ ते ७ या सात आकड्यांचा पहिला क्वार्टाइल मधला आकडा वगळून निम्मे करायच्या पद्धतीने २ येतो, एक्सेलच्या नेहमीच्या फंक्शनने २.५. आपोआप तपासणाऱ्या क्विझला तुमची पद्धत समजत नाही, तिला तिचं उत्तर हवं असतं. दशांश किती हवेत तेही बघा, आणि मधल्या पायऱ्यांत आकडे छाटू नका, शेवटीच छाटा.

सॉफ्टवेअर: कोर्सने सांगितलंय ते पहिल्या आठवड्यात टाकून, एक फाइल उघडून, एक आलेख काढून बघा. आर (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक्सेलमधलं डेटा अ‍ॅनालिसिस वेगळं सुरू करावं लागतं आणि ते फोनवर मिळत नाही. नुसत्या फोनवर हा कोर्स करायचा विचार असेल तर सोडून द्या.

आता अभ्यास. व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे, हे सगळे सांगतात, पण स्टॅटिस्टिक्समध्ये हा धोका जास्त आहे, कारण समजावणारा बोलत असताना प्रत्येक पायरी पटत असते. प्रश्न वाचून झाला की व्हिडिओ थांबवा, वहीत सोडवा, मग पुढे बघा. आणि सोडवायचं कशावर? परीक्षेतल्या टेबलावर, परीक्षेतल्या कॅल्क्युलेटरवर. मी पहिल्या वेळीही वहीत सोडवत होते, पण शेवटची पायरी आली की एक्सेलकडे वळायचे. शेवटचा आकडा स्वतःच्या हाताने टेबलातून काढेपर्यंत ते गणित सुटलेलं धरू नका.

पहिले दोन-तीन आठवडे सोपे जातात, मीन, मीडियन, आलेख. इथेच माणूस गाफील राहतो. आलेख मात्र मनापासून काढा. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली ११-११ बिंदूंचे चार संच मांडून दाखवले होते. चारही संचांत सरासरी जवळपास तीच, सहसंबंध ०.८१६ च्या आसपास, आणि कागदावर काढले की एक बरा सरळसा, एक स्पष्ट वक्र, एकात एक बिंदू भलतीकडे, एकात सगळे बिंदू उभ्या रेषेवर आणि एकटा दूर. रिग्रेशनच्या (बिंदूंना रेषा बसवायच्या) आठवड्यात हे आठवा, आकडा काढायच्या आधी बिंदू मांडा.

संभाव्यतेत सूत्र आठवत बसू नका, हजार माणसं कागदावर मांडा. समजा १ टक्का लोकांना आजार आहे. म्हणजे १० जण. चाचणी त्यातल्या ९ जणांना पकडते. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९ टक्क्यांना ती चुकून आजारी ठरवते, म्हणजे साधारण ८९. चाचणीत आजारी निघालेले झाले ९८, खरे आजारी ९. ‘आजारी असताना चाचणी पकडेल’ आणि ‘चाचणीने पकडलंय तर आजारी असेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक ९० टक्के, दुसरी जेमतेम ९. हे तक्त्यात मांडलं की डोळ्यांना दिसतं, सूत्रात दिसत नाही. माझ्या मते संपूर्ण कोर्समधली ही सगळ्यात उपयोगाची दहा मिनिटं आहेत.

कोर्स खरा वळतो तो सँपलिंग डिस्ट्रिब्युशनला, म्हणजे नमुन्यागणिक बदलणाऱ्या सरासरीच्या फैलावाला. तिथे एक आठवडा जास्तीचा राखून ठेवा, आधीचं काम लवकर संपवून. एका माणसाच्या उंचीचा फैलाव वेगळा आणि ३६ माणसांच्या सरासरी उंचीचा फैलाव वेगळा. स्टँडर्ड डेव्हिएशन १२ असेल तर ३६ जणांच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या सरासरीचा फैलाव, २, कारण ३६ च्या वर्गमूळाने भागायचं. हे भागायला विसरणं ही या विषयातली नेहमीची चूक आहे. प्रश्नात ‘सरासरी’ हा शब्द दिसला की त्याला गोल करा, मगच झेड काढा.

झेडऐवजी टी टेबल कधी वापरायचं यात गोंधळ होत असेल तर ते कशासाठी निघालं ते लक्षात ठेवा. विल्यम गॉसेट गिनेसच्या मद्य कारखान्यात काम करत होते, तिथे हातात मोजकेच नमुने असायचे, आणि मोजक्या नमुन्यांवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनवर पूर्ण विसंबता येत नाही. त्याचा हिशोब त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. समष्टीचं स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत नाही, नमुन्यावरूनच काढलंय, तर टी. आणि इथेही टेबल बघा! १० जणांचा नमुना, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे नमुन्याची संख्या वजा एक) ९, दोन्ही शेपट्यांची ९५ टक्क्यांची चाचणी: आकडा २.२६२. पण टेबलाचा मथळा एका शेपटीचा असेल आणि तुम्ही ०.०५ चा रकाना धरलात तर १.८३३ मिळेल. ०.०२५ चा रकाना धरायचा असतो. तुमच्या टेबलाचा मथळा काय म्हणतो ते तुम्ही बघितलंय का? आत्ता बघा.

पी-व्हॅल्यूचा अर्थ स्वतःच्या शब्दांत दहा वेळा लिहा. शून्य गृहीतक (‘काही फरक नाही’ असं आधी धरलेलं विधान) खरं आहे असं मानलं तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळायची संभाव्यता. शून्य गृहीतक खरं असण्याची संभाव्यता नव्हे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली त्यावर निवेदन काढावं लागलं. निष्कर्ष लिहिताना ‘गृहीतक सिद्ध झालं’ असं लिहू नका. नाकारलं, किंवा नाकारायला पुरेसा आधार मिळाला नाही, एवढंच.

अडलं की दोन दिवसांच्या आत विचारा. ऑनलाइन कोर्समध्ये तुमचा चेहरा पडलेला कुणाला दिसत नाही. विचारताना फोटो पाठवा, कुठल्या ओळीवर अडलात ते दाखवा.

परीक्षेच्या आधी दहा दिवस: पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून चाचणी परीक्षा द्या. नोकरीच्या लॅपटॉपवर ते टाकायची परवानगी बहुधा नसते, हे आदल्या रात्री कळून उपयोग नाही. कॅमेरा, माइक, ओळखपत्र, समोरचं डेस्क मोकळं, खोलीत दुसरं कुणी नको. कच्च्या कामाला कागद चालतो का ते विचारा.

दोन पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्या, एक्सेल बंद, परीक्षेतलंच टेबल, परीक्षेतलाच कॅल्क्युलेटर. एका तरी परीक्षेत टेबल पडद्यावरच बघा, छापील नाही, कारण पडद्यावर ओळ सुटते. पट्टी धरून वाचा.

परीक्षेच्या दिवशी टेबल उघडलं की आधी १.९६. मग प्रश्न.

नंतर: उत्तरं पोचल्याचं दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो जपून ठेवा, आणि कोर्सचं पान बंद व्हायच्या आत नोट्स उतरवून घ्या.